माकडहाड दुखतंय? काय करायचं आणि कुठल्या क्रमाने करायचं

माकडहाड दुखायला लागलं की जवळजवळ सगळ्यांचं सारखंच होतं, आधी बाम चोळायचा, मग मेडिकलमधून गोळी आणायची, मग मोबाईलवर बघून व्यायाम सुरू करायचे, मग एक्सरे, आणि एक्सरेत काही दिसलं नाही की परत त्याच खुर्चीत नऊ तास. यातलं प्रत्येक पाऊल चुकीचंच असतं असं नाही, क्रम चुकतो. ज्या हाडाला मार बसलाय त्याच्यावर आपण दिवसभर वजन टाकून बसतो आणि ते वजन काढायचं सोडून बाकी सगळं करतो. मी स्वतः पावसाळ्यात जिन्याच्या ओल्या पायरीवरून घसरून बुडावर आपटले तेव्हा अडीच महिने हेच केलं, आणि त्यानंतर घरात, ऑफिसात इतक्या जणींना तेच करताना बघितलं (हे दुखणं पुरुषांपेक्षा बायकांना साधारण पाचपट जास्त होतं) की सगळं एका जागी लिहायचं ठरवलं.

एवढंच आधी लक्षात घ्या. मणक्याच्या अगदी टोकाला तीन ते पाच, बहुतेकांना चार, बारीक मणके एकमेकांना जोडलेले असतात, ते माकडहाड. ताठ बसलं की वजन मुख्यतः कुल्ल्यांखालच्या दोन बैठकीच्या हाडांवर जातं. मागे रेललं किंवा खुर्चीत घसरून बसलं की माकडहाडावरचा भार वाढतो. आणि ओटीपोटाला खालून तोलून धरणारे स्नायू याच हाडाला येऊन चिकटतात, त्यामुळे नुसतं बसतानाच नाही तर संडासला जोर करताना, कधी शरीरसंबंधाच्या वेळीसुद्धा दुखतं. हे कळलं की पुढच्या प्रत्येक टप्प्याचं कारण आपोआप कळेल.

टप्पा १ : घरी काही करण्याआधी धोक्याच्या खुणा बघा

यातलं काहीही असेल तर खालचं काही करत बसू नका, डॉक्टरकडे जा:

- लघवी किंवा संडासवरचा ताबा गेलाय, लघवी अडकलीय, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसायच्या जागेला बधिरपणा आलाय, पायातली ताकद गेलीय. यात उद्याची वाट बघायची नाही, लगेच, रात्र असली तरी हॉस्पिटल.
- ताप आहे, जागा लाल, गरम, सुजलेली आहे किंवा पू येतोय.
- पडल्याबिडल्याशिवाय दुखायला लागलं आणि झोपल्यावरही, रात्रीही तेवढंच दुखतं, वजन उतरतंय, किंवा आधी कॅन्सर होऊन गेलाय.
- हाताला गाठ लागतेय.
- संडासवाटे रक्त जातंय. हे बहुतेकदा मूळव्याध किंवा फिशर (शौचाच्या जागेला पडलेली चीर) निघतं, पण अंदाज आपण करायचा नाही.

टप्पा २ : दुखतंय ते माकडहाडच आहे ना, ते ठरवा

ही पायरी सगळे गाळतात आणि मग महिनाभर भलत्याच गोष्टीवर इलाज चालतो.

कुशीवर आडवं व्हा, गुडघे थोडे पोटाशी घ्या. दोन कुल्ल्यांच्या मधल्या घळीत बोट ठेवून कमरेकडून हळूहळू खाली या. शौचाच्या जागेच्या दोन-तीन बोटं वर एक कडक टोक लागेल. तिथे हलकंच दाबल्यावर "हेच, इथेच" असं झालं तर बहुतेक माकडहाडच. दुसरी खूण म्हणजे बसल्यावर दुखतं, मागे रेललं की वाढतं, पुढे झुकलं किंवा एका कुल्ल्यावर कललं की कमी होतं, आणि बसल्या जागेवरून उठताना एक जोराची कळ येते.

दुखणं जर वर, कमरेच्या खालच्या दोन खळ्यांपाशी असेल तर तो दुसरा सांधा आहे. कुल्ल्याच्या मधोमध असेल आणि मांडीतून पोटरीपर्यंत सरकत असेल तर सायटिका असू शकतो. त्यांचे इलाज वेगळे आहेत, हा लेख त्यांच्यासाठी नाही.

आता घरातल्या कोणाला तरी त्या घळीत नीट बघायला सांगा, किंवा स्वतःच फोनने फोटो काढून बघा. लाजू नका. तिथे बारीक छिद्र, केसाचा पुंजका, ओलसरपणा किंवा फोडासारखं काही असेल तर तो पायलोनिडल सायनस, म्हणजे कातडीखाली केस अडकून झालेली पोकळी, असू शकतो. तरुण मुलांमध्ये, विशेषतः अंगावर केस जास्त असतील आणि काम बसून असेल तर, हा बऱ्यापैकी दिसतो, आणि पोरं महिनोन्महिने त्याला माकडहाडाचं दुखणं समजून वर बाम लावत राहतात. तो सर्जनला दाखवायचा, उशीने बरा होत नाही.

टप्पा ३ : भार काढा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बाकीचं सगळं याच्यावर उभं आहे.

उशी. सगळ्यात जास्त चुकतं ते हेच. लोक मधे भोक असलेली गोल रिंग किंवा हवेची ट्यूब आणतात. मूळव्याधीच्या ऑपरेशननंतर वगैरे ती देतात, पण माकडहाडाला ती बहुतेकांना सोसत नाही, कारण रिंगची मागची कड नेमकी दुखऱ्या हाडाखाली येते. तुम्हाला हवीय ती मागच्या बाजूने कापलेली उशी, घोड्याच्या नालेसारखी. कापलेली बाजू मागे, पाठीकडे. माझ्या एका मैत्रिणीने ती पंधरा दिवस खाच पुढे करून वापरली आणि उशीचा काही उपयोग नाही म्हणून कपाटात टाकून दिली, फिरवून दिल्यावर दुसऱ्याच दिवशी तिने एक तास मीटिंग बसून काढली.

विकतची घ्यायची नसेल तर गादीवाल्याकडे जा. चांगला कडक फोम मागा, साधारण ४० बाय ४० सेंटिमीटर, जाडी ७-८ सेंटिमीटर. मागच्या कडेच्या मधोमध १० सेंटिमीटर रुंद आणि १२ ते १५ सेंटिमीटर खोल अशी खाच मारून घ्या. मऊ फोम अजिबात घेऊ नका, तो बसल्याबसल्या दबतो आणि हाड परत खुर्चीला टेकतं.

तपासून बघा : उशीवर बसा आणि मागून खाचेत हात घाला. बोटं आरामात फिरली पाहिजेत, हाडाला खालून काहीही लागता कामा नये. हात दाबला गेला तर फोम मऊ आहे, खाच लहान आहे किंवा तुम्ही पुढे सरकून बसलाय.

बसायची पद्धत. खुर्चीत मागेपर्यंत सरकून बसा, कमरेच्या बाकाला छोटा टॉवेल गुंडाळून लावा म्हणजे कंबर गोल होणार नाही, दोन्ही तळपाय जमिनीला. स्क्रीन लांब असेल तर खुर्ची जवळ ओढा, मान पुढे काढून बसलं की कंबर आपोआप मागे कोसळते. सोफा आणि बीन बॅग काही आठवडे बंद. मऊ वाटतात म्हणून लोक मुद्दाम तिथेच जाऊन बसतात, पण त्यात बूड खड्ड्यात जातं आणि सगळा भार मागे येतो.

जमिनीवर बसायचं तर नुसत्या फरशीवर किंवा पाटावर नाही. पूजेला किंवा पंगतीला बसणं भागच असेल तर जाड घडीची गोधडी बुडाखाली मागून थोडी उंच करा म्हणजे कंबर पुढे झुकते. वज्रासनात काहींना बरं वाटतं कारण हाड टाचांच्या मधे अधांतरी राहतं, पण गुडघे दुखत असतील तर त्या वाटेला जाऊ नका.

वेळ. दर २०-२५ मिनिटांनी उठायचं, दुखत नसलं तरी उठायचं. मोबाईलवर टायमर लावा, कामात लक्षात राहत नाही. उठून दोन मिनिटं चाला, पाण्याची बाटली मुद्दाम लांब ठेवा.

उठायची पद्धत. सरळ वर उठायला गेलात तर कळ येणारच. आधी बूड खुर्चीच्या कडेला आणा, पाय मागे घ्या, नाक पायाच्या अंगठ्यांच्या वर येईल इतकं पुढे झुका, आणि मग मांड्यांच्या जोरावर उठा. खाली बसतानाही तसंच, धपकन बसायचं नाही.

झोप. कुशीवर, दोन गुडघ्यांमधे उशी. पाठीवरच झोप लागत असेल तर गुडघ्यांखाली उशी घ्या.

गाडी. पहिले काही आठवडे टू-व्हीलर बंद ठेवता आली तर उत्तम. नाहीच जमलं तर मागे बसू नका, मागच्या सीटला दणके जास्त लागतात आणि खड्डा समोरून येताना दिसतही नाही. चालवत असाल तर स्पीडब्रेकरवर तळपायांवर जोर देऊन बूड किंचित उचला. एसटीत मागच्या चाकाच्या मागची सीट टाळा. लांबचा प्रवास असेल तर आडवं होता येईल अशी रेल्वेची बर्थ घ्या. सायकल पूर्ण बंद.

टप्पा ४ : पोट साफ ठेवा

हे वाचून बऱ्याच जणांना वाटतं की याचा काय संबंध. वर सांगितलं ना, जोर करताना जे स्नायू ताणले जातात ते याच हाडाला धरून आहेत. बद्धकोष्ठ असताना माकडहाड बरं होणं अवघड आहे.

रात्री एक ते दोन चमचे इसबगोल मोठ्या ग्लासभर पाण्यात, कालवलं की लगेच प्यायचं, वर अजून थोडं पाणी. पाणी कमी पडलं तर इसबगोल उलट घट्टपणा वाढवतो. बाकीच्या रोजच्या गोळ्या आणि इसबगोल यात दोन तासांचं अंतर ठेवा. जेवणात पालेभाजी, ज्वारी-बाजरीची भाकरी, पपई, पेरू.

कमोड असेल तर पायाखाली १५-२० सेंटिमीटर उंचीचं स्टूल किंवा उलटी बादली घ्या, गुडघे वर आले की जोर कमी लागतो. भारतीय संडासात बसणं पोटाला चांगलंच, पण उठताना आधाराला काहीतरी हवं. आणि फोन आत न्यायचा नाही. कमोडच्या भोकावर वीस मिनिटं बसून राहिलं की खालच्या स्नायूंवर सगळा ताण येत राहतो.

टप्पा ५ : शेक आणि गोळी

मार नुकताच लागला असेल तर पहिले दोन-तीन दिवस बर्फ. नॅपकिनमधे गुंडाळून, १० ते १५ मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, कुशीवर झोपून. बर्फावर बसायचं नाही. त्यानंतर गरम शेक. गरम पाण्याची पिशवी चालेल, पण मला आणि मी ज्यांना सांगितलं त्यातल्या बऱ्याच जणींना जास्त फरक पडला तो टबातल्या कोमट पाण्याने, पसरट टबात १५ मिनिटं, दिवसातून दोनदा, त्याने खालचे आवळलेले स्नायू सुटतात. टबात बसताना तळाला टॉवेलची घडी टाका. डायबेटिस असेल किंवा पायाला-बुडाला संवेदना कमी असेल तर पाणी किती गरम आहे ते दुसऱ्याला बघायला सांगा.

गोळीचं सांगायचं तर पॅरासिटामॉल सगळ्यात सौम्य, पण त्यालाही मर्यादा आहे, दोन डोसांत चार ते सहा तासांचं अंतर, आणि सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं ते मोजायचं विसरू नका. लिव्हरचा त्रास असेल तर आधी विचारा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी सूज उतरते, पण अल्सर, किडनीचा त्रास, हार्टचा त्रास, बीपी, रक्त पातळ करायची गोळी चालू, गरोदरपण, यातलं काहीही असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. पावसाळ्यात अंगात ताप असेल आणि डेंग्यूची शंका असेल तर अजिबात नको. ट्रॅमाडॉलसारख्या स्ट्राँग गोळ्यांनी पोट घट्ट होतं, म्हणजे टप्पा ४ वर पाणी.

इशारा : गोळीने दुखणं दबलं म्हणून त्या दिवशी जास्त वेळ बसायचं नाही. संध्याकाळी गोळी उतरली की दुप्पट दुखतं.

दुसरा इशारा, हा मला फार महत्त्वाचा वाटतो : "हाड सरकलंय, बसवून देतो" म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. बाळंतीण असाल तर मालिशवाल्या मावशींना स्पष्ट सांगा की माकडहाडावर अंगठा किंवा टाच द्यायची नाही. बाळ बाहेर येताना या हाडावर दाब येतो, ते मागे ढकललं जातं, कधी क्रॅकही जातं, आणि त्यावर आपण सव्वा महिना रोज जोर देतो. मावश्या मायेनेच करतात, पण त्यांना आतलं दिसत नाही. पाजताना पाटावर किंवा पलंगाच्या पाट्याला टेकून तासन्‌तास बसू नका, कुशीवर झोपून पाजायचं कसं ते नर्सकडून शिकून घ्या.

टप्पा ६ : श्वास आणि ताण, आणि तेही उशिरा

पहिल्या आठवड्यात व्यायाम नको, घरातल्या घरात थोडं चालणं पुरे. कळ कमी झाली, उठताना ओरडावंसं वाटेनासं झालं की सुरू करा.

१. पोटाने श्वास. कुशीवर किंवा पाठीवर, गुडघे वाकवून. श्वास घेताना पोट फुगू द्या आणि त्याच वेळी खालची जागा सैल सोडा, लघवी सुरू होताना आपण जसं सोडतो तसं. पाच मिनिटं, दोनदा. साधं दिसतं म्हणून लोक सोडून देतात आणि ताणाचे व्यायाम आधी करतात, पण दुखण्याला घाबरून आपण दिवसभर खालचे स्नायू आवळून धरलेले असतात आणि तेच हाडाला ओढत असतात.

२. बालासन. गुडघे एकमेकांपासून लांब, बूड टाचांकडे, कपाळ उशीवर. ३० सेकंद, तीनदा.

३. मार्जारासन. हात-गुडघ्यांवर ओणवं होऊन पाठ वर-खाली, हळूहळू, आठ-दहा वेळा.

४. पाठीवर झोपून एका पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर, मग खालची मांडी हाताने छातीकडे ओढायची. कुल्ल्यात ताण आला पाहिजे, माकडहाडात नाही. जाड गादीवर करा, चटईवर नाही.

काय करायचं नाही : नौकासन (त्यात आख्खं शरीर नेमकं त्याच जागी तोललेलं असतं), सिटअप्स, पवनमुक्तासनात पाठीवर डुलणं, जमिनीवर पाय पसरून पश्चिमोत्तानासन. आणि केगल, म्हणजे खालचे स्नायू आवळून सोडायचा व्यायाम. डिलिव्हरीनंतर सगळ्या बायकांना केगल सांगतात, पण स्नायू आधीच आवळलेले असतील तर केगलने दुखणं वाढतं, फिजिओथेरपिस्टने तपासून सांगितल्याशिवाय करू नका.

तपासून बघा : एका वहीत रोज एकच आकडा लिहा, उशीवर बसल्यावर किती मिनिटांनी दुखायला लागलं. "आज बरं वाटतंय, काल वाईट होतं" यातून काही कळत नाही. ८ मिनिटांचे १५, मग २५ झाले तर तुम्ही बरोबर चाललाय, दुखणं पूर्ण गेलेलं नसलं तरी. नवीन व्यायामाने दुसऱ्या दिवशी आकडा खाली आला तर तो व्यायाम थांबवा.

टप्पा ७ : डॉक्टरकडे कधी आणि काय घेऊन जायचं

नुसता मुका मार असेल तर साधारण चार आठवड्यांत उतरतो. हाड मोडलं असेल तर ८ ते १२ आठवडे. वरचं सगळं मनापासून करूनही दोन-तीन आठवड्यांत आकडा हललाच नाही, किंवा पडल्यावर पहिल्या दिवसापासून बसताच येत नाहीये, तर हाडांच्या डॉक्टरकडे जा.

जाताना ती वही न्या. कधी पडलात, बाळंतपण कधी झालं, कशाने वाढतं, कशाने कमी होतं, कुठल्या गोळ्या खाल्ल्या ते कागदावर लिहून न्या, आत गेल्यावर निम्मं विसरायला होतं. गरोदर असाल किंवा शंका असेल तर एक्सरेच्या आधी सांगा.

साध्या एक्सरेत बऱ्याचदा काहीच दिसत नाही, कारण तो उभं राहून किंवा झोपून काढतात आणि तुम्हाला दुखतं बसल्यावर. उभं राहून एक आणि बसून एक असे बाजूने दोन एक्सरे काढले की बसल्यावर हाड जास्त हलतंय का, जागेवरून सरकतंय का ते कळतं. डॉक्टरांना हे नम्रपणे विचारायला हरकत नाही. आणि उलटंही लक्षात ठेवा, रिपोर्टमधे हाड वाकडं आहे असं लिहून आलं म्हणून घाबरू नका, ज्यांना काहीच दुखत नाही अशा कितीतरी लोकांचं माकडहाड पुढे वळलेलं असतं.

डॉक्टर ग्लोव्ह घालून शौचाच्या जागेतून बोटाने तपासणी करू शकतात. हाड हलवून बघायचा तो नेहमीचा मार्ग आहे. सोबत बाई-माणूस हवं असेल तर मागा, तो तुमचा हक्क आहे. हे आधीच माहीत नसल्यामुळे माझी मामेबहीण तपासणी अर्धवट सोडून उठून आली आणि पुढचे चार महिने तिने नुसतं सोसलं.

पुढचे उपाय साधारण या क्रमाने येतात : या भागाचं काम करणारी फिजिओथेरपिस्ट, मग हाडाशेजारी स्टिरॉइड आणि बधिर करायचं इंजेक्शन, मग तिथल्या नसांच्या गाठीचा ब्लॉक, म्हणजे ती गाठ बधिर करायचं इंजेक्शन. डायबेटिस असेल तर स्टिरॉइडनंतर काही दिवस साखर वाढते, रोज मोजा. इंजेक्शनने आराम पडला की तो काळ फिजिओ आणि बसायची सवय सुधारायला वापरायचा, उशी फेकून द्यायला नाही. हाड काढून टाकायचं ऑपरेशन अगदी शेवटी, निदान सहा महिने बाकी सगळं करूनही जमलं नाही तरच, कारण जखम शौचाच्या जागेला लागून असते, इन्फेक्शनची भीती असते आणि भरून यायला महिने लागतात. पहिल्याच भेटीत कोणी ऑपरेशन म्हटलं तर दुसरं मत घ्या. बहुतेकांना तिथवर जावं लागत नाही.

टप्पा ८ : उशी कधी सोडायची

दुखणं थांबल्या दिवशी नाही. वहीत सलग दोन आठवडे ४५ मिनिटं न दुखता आली की घरी, जेवणाच्या टेबलावर, दिवसातून एकदा उशीशिवाय बसा. आठवडाभर ठीक गेलं की ऑफिसात दुपारनंतर. मग टू-व्हीलर, आधी दहा मिनिटांचा चांगला रस्ता, मागे न बसता. मधेच दुखलं तर फक्त एक पायरी मागे या, सगळं पहिल्यापासून सुरू करायची गरज नसते. सायकल सगळ्यात शेवटी, आणि रुंद सीट लावून.